छतावरच्या उलट्या बशा

लग्नकार्यात कुणी माझी ओळख 'ही हवामानातली' अशी करून दिली, की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "मग काय, उद्या पाऊस पडणार का?" पुण्याच्या माझ्या वन्संनी तर एकदा मुलाच्या मुंजीची तारीख ठरवायला मला बनारसला फोन लावला होता. पावसाचं सांगणारे लोक वेगळे असतात, ते वेगळ्या इमारतीत बसतात आणि त्यांना पंखाही चांगला मिळतो. मी नोकरीभर काय केलं, ते एका वाक्यात सांगते. मी थर्मामीटरवर सावली धरली.

हसू येत असेल तर हसा. मलाही नोकरीच्या सुरुवातीला आलं होतं. पण दुपारी घाटाच्या पायरीवर अनवाणी पाऊल ठेवून बघा. जो चटका बसतो तो पायरीचा असतो. हवा तेवढी तापलेली नसते, नाहीतर आपण सगळे कधीच भाजून निघालो असतो. थर्मामीटरचंही त्या पायरीसारखंच आहे. उन्हात ठेवला की तो स्वतः तापतो आणि मग स्वतःचंच दुखणं सांगत बसतो. आपल्याला जाणून घ्यायचा असतो हवेचा ताप. म्हणून त्याच्यावर सूर्य पडू द्यायचा नाही, पण वारा मात्र चारही बाजूंनी खेळू द्यायचा. पूर्वी यासाठी चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी असायची. भिंतींना तिरप्या पट्ट्या, वर दुहेरी छप्पर, आणि दार उत्तरेला, म्हणजे बघायला उघडलं तरी ऊन आत शिरत नाही. आता प्लॅस्टिकच्या पांढऱ्या थाळ्या येतात. एकावर एक उलट्या ठेवलेल्या बशांसारख्या दिसतात, आणि त्यांच्या पोटात बोटाएवढा सेन्सर बसलेला असतो.

उन्हापासून वाचवायचं, उकाड्यापासून वाचवायचं नाही. माझं सगळं शास्त्र एवढंच. पण हे 'एवढंच' लोकांच्या गळी उतरवता उतरवता माझे केस पांढरे झाले.

रामनगरच्या एका शाळेला आम्ही अशी लाकडी पेटी दिली होती. मुलांनी रोज तापमान फळ्यावर लिहायचं, असा बेत. मे महिन्यात रामनगरचे आकडे बघून मी चक्रावले. नदीच्या या बाजूला आमची लाहीलाही चाललेली आणि पलीकडे थंड हवेचं ठिकाण! मी पूल ओलांडून गेले. मैदानात पेटी नाहीच. हेडमास्तरांनी ती उचलून आपल्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात, थेट कूलरसमोर आणून ठेवली होती. वर भरतकाम केलेला रुमालसुद्धा घातला होता. "मैडम, इतनी कीमती चीज धूप में कैसे छोड़ दें?" ते म्हणाले. माणूस सज्जन, मला लस्सी पाजली. मी चार शिपाई लावून पेटी परत मैदानात नेली, तेव्हा लेकीला सासरी पाठवावी तशा चेहऱ्याने ते बघत उभे राहिले.

याच्या उलट टोकाचे होते एक वार्ताहर. त्यांना आमचा आकडा नेहमी कमी वाटायचा. एकदा त्यांनी जीपच्या बॉनेटवर थर्मामीटर ठेवून त्याचा फोटो काढला आणि तो घेऊन माझ्याकडे आले. "असली गर्मी तो ये है. आप लोग छाया में बैठकर नापते हैं." मी म्हटलं, "भाईसाहब, ही जीपची गर्मी आहे. तिला डॉक्टरकडे न्या." ते रागावून गेले ते पुन्हा कधी आले नाहीत. साहेबांनी नंतर मला जरा सांभाळून बोलायला सांगितलं. मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

आणि रंगाऱ्यांचं तर विचारूच नका. कुणी मोठा पाहुणा येणार म्हणून सगळं आवार एकाच दिवसात रंगवून काढायचं, त्यात आमची पेटीही गेरूच्या रंगात न्हाऊन निघायची. पांढरा रंग शोभेसाठी नसतो, तो ऊन परतवण्यासाठी असतो, हे मी किती वेळा ओरडून सांगितलं असेल. साडीचा पदर खोचून, ब्रश घेऊन, पेट्या मी स्वतः पुन्हा पांढऱ्या केल्या आहेत. त्या लाकडी पेट्या आता गेल्या. ऊन तापलं की त्यांच्या सागाला एक वास सुटायचा. प्लॅस्टिकच्या बशांना कसलाच वास नाही. त्या काम उत्तम करतात, माझी तक्रार नाही, पण पेटीचं दार उघडताना कुणाच्या तरी घरात डोकावल्यासारखं वाटायचं ते गेलं, याचं मला वाईट वाटतं.

पण मला आज सांगायची आहे ती गोष्ट बशांचीच आहे, आणि माझ्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यातली आहे.

पंचगंगा घाटावर तेव्हा जुन्या पायऱ्यांची दुरुस्ती चालू होती. तो घाट फार उभा आहे. उन्हाळ्याच्या दुपारी त्या दगडी उतारावर सावलीचा ठिपकासुद्धा नसतो. वरून ऊन आणि खालून दगड, अशा कात्रीत पाथरवट काम करायचे. आदल्या उन्हाळ्यात रामसूरत नावाचा एक पाथरवट छिन्नी हातात असतानाच कोसळला. दवाखान्यात नेला, वाचला, पण तेव्हापासून त्याचा उजवा हात जरा थरथरायचा. त्यावर बरीच बोलणी झाली आणि शेवटी असं ठरलं, की घाटाजवळच्या हवेचं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की ठेकेदाराने काम थांबवायचं, माणसांना सावलीत बसवायचं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा सुरू करायचं. आमचं मोठं केंद्र शहराबाहेर मोकळ्या माळावर. तिथला आकडा घाटावर काय कामाचा? म्हणून घाटाजवळ एक सेन्सर लावायचं काम माझ्याकडे आलं. नियमाप्रमाणे तो मोकळ्या जमिनीवर लावायला हवा. पण ज्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे मोकळी जमीन कुठून आणायची? मला छत शोधावं लागलं.

छत मिळालं ते बापूकाकांचं. बापूकाका म्हणजे पंचगंगेला लागूनच असलेल्या दुर्गाघाटावरचे आमचे जुने शेजारी. माझं माहेर त्याच गल्लीत, आणि माझे वडील व ते रोज पहाटे बरोबर गंगेवर जायचे. जन्मभर त्यांनी पाठशाळेत वेद शिकवला. ऐंशी उलटली तरी घाट उतरून स्नान करून यायचं आणि मग पूजेला बसायचं, हा नेम चुकला नव्हता. आमच्या बनारसी मराठीत हिंदीचे खडे फार, आणि बापूकाकांच्या बोलण्यात तर जास्तच. मी बशा खांबावर बसवत होते तेव्हा ते बाजूला उभे राहून निरखत होते.

"हे काय गं कुंदा, बशा उलट्या घालून ठेवल्यास?"

"काका, आत सेन्सर आहे. त्याला ऊन लागू नये म्हणून या बशा."

"त्याला धूप सहन होत नाही?"

"नाही होत."

"मग धुपातच कशाला उभं करतेस बिचाऱ्याला?"

मी हसले. मग त्यांना खालच्या कामाचं सांगितलं, हे यंत्र त्या माणसांसाठी आहे असं सांगितलं. "पतंगाची डोर अडकली, माकडांनी ओढाताण केली, तर मला फोन करा. तुमच्या भरवशावर ठेवून जाते आहे."

"निश्चिंत जा. छत माझं, तर हा माझा पाहुणा झाला."

चैत्र छान गेला. आकडा मर्यादा ओलांडायचा, ठेकेदाराच्या मुनशीच्या मोबाइलवर संदेश जायचा आणि माणसं घाटाच्या कडेच्या बुरुजाच्या सावलीत जाऊन बसायची. मी एकदा बघायला गेले तर रामसूरत उठून उभा राहिला आणि दुसऱ्यांना म्हणाला, "ई मसीनवाली मैडम हई." नोकरीत मला कुणी उठून मान दिल्याचे प्रसंग फार नाहीत. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

वैशाख लागला आणि काहीतरी बिनसलं. शहरात लू, तो भाजून काढणारा कोरडा वारा, सुटलेली, भर दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि दुर्गाघाटाच्या छतावरचा सेन्सर म्हणतो आहे की हवा कशी सुखद आहे. आकडा मर्यादेच्या जवळसुद्धा जाईना. कचेरीत सगळ्यांचं एकमत झालं की सेन्सर बिघडला, नवीन मागवू, येईल पुढच्या आठवड्यात. मला ते पटेना. बिघडलेला सेन्सर वेड्यासारखा वागतो. हा शहाण्यासारखा वागत होता. रात्रभर बाकीच्या केंद्रांच्या बरोबरीने चालायचा आणि सकाळी ऊन चढायला लागलं की मागे पडायचा. शिवाय तोच खांब हवेतला ओलावाही मोजायचा, आणि तो ओलावा श्रावणातल्यासारखा दाखवत होता. वैशाखात, बनारसमध्ये, लू वाहत असताना! पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं म्हणजे त्या माणसांनी आठवडाभर उन्हात दगड फोडायचे. मी पिशवीत हाताने फिरवायचा थर्मामीटर टाकला आणि निघाले. हे खुळखुळ्यासारखं एक साधन असतं. सावलीत उभं राहून गरगर फिरवलं की हवेचा खरा ताप सांगतं, त्याला फसवणं कठीण.

आधी घाटावर उतरले. दुपार भरात होती आणि छिन्न्यांचा ठणठणाट चालू होता. मुनशी छत्री धरून बसला होता. मी त्याला म्हटलं, "काम बंद कराइए. मशीन गलत बता रही है."

त्याने मोबाइल माझ्यापुढे केला. "मैडम, आप ही की मशीन है. सही नंबर आ जाए, हम उसी दम सबको बैठा देंगे. बिना नंबर के बैठा दें, तो ठेकेदार से हमको कौन बचाएगा?"

माणूस वाईट नव्हता. त्याचंही पोट त्याच घाटावर होतं, आणि ठरावात फक्त खांबाचा आकडा होता, माझ्या पिशवीतल्या साधनाचा नव्हे. मी वळले तर समोर रामसूरत. डोक्यावर ओला गमछा, ओठ कोरडे पडलेले, आणि उजव्या हातातला हातोडा छिन्नीच्या डोक्यावर नीट पडत नव्हता. माझ्याकडे बघून तो हसला. "का मैडम, मसीन के घाम ना लगत हौ का?"

घाम म्हणजे इकडे ऊन. यंत्राला ऊन लागत नाही का, असं तो विचारत होता. यंत्राला ऊन लागू नये म्हणून मी माझी सगळी नोकरी खर्ची घातली होती. मला त्याच्याशी नजर मिळवता येईना. मी पायऱ्या चढायला लागले.

गल्लीतून जाताना माझं डोकं भडकलं होतं. कुणीतरी खोडी केली आहे याची खात्री होती. शेजारच्या छतावर कबुतरवाला आहे, तो पाणी मारत असेल, नाहीतर कुणी बशांवर ओलं धुणं वाळत घालत असेल. जिभेवर एकाहून एक शब्द तयार ठेवून मी बापूकाकांच्या घराचा जिना चढले. दार उघडलं आणि सगळे शब्द जागच्या जागी राहिले.

खांबाभोवती बांबूची तिकाटणी उभी केली होती आणि तिच्या मधोमध, बशांच्या बरोबर वर, तांब्याची गळती टांगली होती. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर टांगतात तीच. तळाला बारीक भोक, भोकात सुताची वात, आणि वातीवरून थेंब थेंब पाणी पडतं आहे. सगळ्या बशा ओल्याचिंब. सर्वांत वरच्या बशीवर चंदनाचं बोट आणि एक बेलाचं पान. मी सावलीत उभी राहून हातातलं साधन फिरवलं. हवा मर्यादेच्या कितीतरी वर होती. ओल्या बशांमधून वारा वाहिला की आतली हवा माठातल्या पाण्यासारखी गार होते. सेन्सर बिघडला नव्हता. तो बिचारा आपल्याला मिळालेल्या गारव्याचा खरा हिशेब देत होता.

मागून जिन्यावर पावलं वाजली. बापूकाका कळशी घेऊन वर आले होते. अनवाणी, त्या तापल्या फरशीवर.

"आलीस? बघ कसा ठेवलाय तुझ्या पाहुण्याला," ते म्हणाले. त्यांना दम लागला होता, पण चेहरा उजळलेला. "तू म्हणालीस ना, त्याला धूप सहन होत नाही. तो तिथे लोकांसाठी उभा आहे, म्हटलं एवढं तरी करावं. वैशाखभराचा नेम धरलाय, सकाळी पूजा झाली की गळती चालू, संध्याकाळी बंद. सून म्हणते मी नेते पाणी, पण मी कुणाला हात लावू दिला नाही."

लोकांवर खेकसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण त्या माणसावर खेकसता येणार नव्हतं. रामनगरच्या हेडमास्तरांना मी हसत हसत सांगितलं होतं. इथे हसू येत नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "गळती काढावी लागेल."

"का? सावली चालते, आणि पाणी चालत नाही?"

"याला ऊन लागू द्यायचं नाही, पण उकाडा लागू द्यायचा. माणसाला सावलीत जेवढं गरम होतं तेवढं याला झालं पाहिजे. हा तापला तरच खाली निरोप जातो आणि ती माणसं कामावरून उठतात. तुम्ही याला गार ठेवलंत, म्हणून निरोप गेला नाही."

घाटाकडून छिन्न्यांचा आवाज वर येत होता. ठण, ठण, ठण. बापूकाकांनी मान तिकडे वळवली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"मी रोज दुपारी ऐकायचो हे," ते हळूच म्हणाले. "पडल्या पडल्या वाटायचं, हे लोक दुपारी काम करतायत म्हणजे यंदा ऊन कमी असेल. मलाच वयामुळे जास्त लागतंय."

मी तोंड फिरवलं आणि उगाच खांबाचे स्क्रू तपासायला लागले.

"तो मागच्या साली पडला होता, तो पण आहे त्यांच्यात?"

"आहे. रामसूरत नाव त्याचं. आत्ताच भेटला."

त्यांनी कळशी खाली ठेवली. मी गळतीला हात घालणार, तर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः दोरी सोडवली. बेलाचं पान उचलून कपाळाला लावलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून एकेक बशी पुसायला लागले, लहान मुलाचं डोकं पुसावं तशी, खालच्या बाजूनेसुद्धा. मी तिकाटणी सोडवली. लू अशी होती की उरलेला ओलावा बघता बघता उडाला. मग आम्ही दोघं जिन्याच्या तोंडाशी सावलीत बसलो. मी मोबाइल मध्ये ठेवला. त्यांना आकडा नीट दिसत नव्हता, म्हणून बदलला की मी वाचून दाखवत होते. आकडा चढत होता. एरवी तापमान वाढताना मला कधी बरं वाटल्याचं आठवत नाही. त्या दुपारी मी प्रत्येक अंशासाठी जीव मुठीत धरून बसले होते.

आकडा मर्यादेला पोचला, मग वर गेला. मी काकांकडे बघितलं. ते डोळे मिटून खालचा आवाज ऐकत होते. आधी एक छिन्नी थांबली. मग दुसरी. एक शेवटची जराशी चालू राहिली, एकटीच, आणि मग तीही थांबली. घाटावर वाऱ्याशिवाय कसलाही आवाज उरला नाही.

"बसले का गं?"

"बसले, काका."

त्यांनी डोळे उघडले. गळतीत अजून बरंच पाणी होतं. मला वाटलं आता ते तुळशीला घालतील. त्यांनी भोकातली सुताची वात ओढून काढली, भोकावर अंगठा दाबला आणि भांडं छातीशी धरून उठले.

"काका, या उन्हात कुठे?"

"रोज उतरतो मी घाट. तू चप्पल घाल आणि ये."

मी मागोमाग गेले. गल्ली संपून पायऱ्या लागल्या तेव्हा त्यांचा हात धरायला मी पुढे झाले, पण त्यांचा एक हात भांड्याला आणि एक भोकाला, धरणार कुठे? ते कडेकडेने, एकेक पायरी बघत उतरले. बुरुजाच्या सावलीत माणसं बसली होती. सोवळ्यातले गुरुजी पूजेचं भांडं घेऊन आपल्याकडे येताना बघून ती गडबडली, दोघेतिघे उठायला लागले.

"बैठे रहो," काका म्हणाले. "रामसूरत कौन है?"

रामसूरतने घाबरत माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने अर्धवट हात वर केला.

बापूकाका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. रामसूरतने हात जोडले. काका क्षणभर त्याच्या थरथरत्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाथ जोड़ो मत, बेटा. आगे करो."

रामसूरतने ओंजळ पुढे केली, आणि काकांनी भोकावरचा अंगठा काढला.